एकोणतीस अंकी संख्या आणि पाठशाळेतील एक प्रश्न

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी दोन शब्द बोलण्याची आज्ञा झाली, तेव्हा माझ्या मनात प्रथम संकोचच निर्माण झाला. मी पंडित नाही, गणिताचा प्राध्यापकही नाही. वाणिज्य शाखेची पदवी घेतली आणि सारी हयात कापडाच्या गादीवर गेली. संख्येशी माझे नाते रोजकीर्द आणि खतावणीपुरते. तरीही आज मी एका संख्येविषयीच बोलणार आहे. त्याचे कारण असे की, या संख्येने माझी एक चूक माझ्या पदरात घातली, आणि ती आपणा सर्वांसमोर कबूल करावी असे मला वाटते.

ती संख्या अशी आहे:

७९२२८१६२५१४२६४३३७५९३५४३९५०३३६

एकूण एकोणतीस अंक. आपल्या शास्त्रांत पर्याप्त मनुष्यांची, म्हणजे ज्यांच्या शरीर-इंद्रियादी शक्ती पूर्ण झाल्या आहेत अशा मनुष्यांची, संख्या म्हणून ती सांगितली जाते. सात-आठ वर्षांपूर्वी आपल्या पाठशाळेत चार गतींचा पाठ देताना मी ती फळ्यावर लिहिली. मुले थक्क झाली, आणि मलाही मोठा अभिमान वाटला. इतक्यात मागच्या ओळीतील एक मुलगा उभा राहिला. सातवी-आठवीत असेल. तो म्हणाला, "काकाजी, आमच्या भूगोलाच्या पुस्तकात जगाची लोकसंख्या सातशे कोटींच्या वर दिली आहे. ती दहा अंकांत संपते. मग एवढे मनुष्य राहतात कुठे? मावतात कसे?"

मला उत्तर ठाऊक नव्हते. ते सरळ सांगण्याऐवजी मी म्हणालो, "धर्माच्या गोष्टीत शंका काढू नये. खाली बस." तो बसला. पुढच्या रविवारी तो आला नाही, त्यानंतरही आला नाही. आज जे सांगणार आहे ते खरे म्हणजे त्याच दिवशी त्या मुलाला सांगावयास हवे होते.

प्रथम ही संख्या येते कोठून ते पाहू. श्वेतांबर परंपरेतील अनुयोगद्वार सूत्रात गर्भज मनुष्यांच्या किमान संख्येचे वर्णन एकाच ठिकाणी अनेक प्रकारे केले आहे. ती एकोणतीस स्थानांची आहे. चोवीस स्थानांच्या वर आणि बत्तीस स्थानांच्या आत आहे. दोनच्या पाचव्या वर्गाने सहाव्या वर्गाला गुणले असता ती मिळते. आणि तिचे शहाण्णव वेळा अर्धे करता येते. दिगंबर परंपरेत आचार्य नेमिचंद्र सिद्धान्तचक्रवर्ती यांच्या गोम्मटसार जीवकांडातही हीच संख्या आहे. दोन्ही आम्नायांनी जपलेला हा एक समान ठेवा आहे, ही गोष्ट आपल्यासारख्या मिश्र समाजाने अवश्य लक्षात ठेवावी.

आता तिची रचना. दोनचा वर्ग चार, हा पहिला वर्ग. चारचा वर्ग सोळा, हा दुसरा. सोळाचा २५६, हा तिसरा. २५६ चा वर्ग ६५,५३६, हा चौथा. त्याला आपल्याकडे 'पण्णट्ठी' म्हणतात, कारण त्याचा आरंभ पासष्टने होतो. पाचवा वर्ग ४,२९,४९,६७,२९६. बेचाळीसने आरंभ होतो म्हणून 'बादाल'. सहावा वर्ग १८४४६७४४०७३७०९५५१६१६, हा 'एकट्ठी'. बादाल आणि एकट्ठी यांचा गुणाकार केला की आपली एकोणतीस अंकी संख्या तयार होते. केवळ सहा वेळा वर्ग आणि एकदा गुणाकार, अशा सात पायऱ्यांत हे काम झाले. एक-एक करून दुप्पट करीत गेलो असतो, तर दोनपासून आरंभ करूनही पंच्याण्णव पायऱ्या लागल्या असत्या.

'शहाण्णव वेळा अर्धे' म्हणजे काय, हे मला माझ्या धंद्यावरून उमगले. बत्तीस मीटरचा तागा मधोमध दुमडला की सोळा मीटर लांबी राहते. पुन्हा दुमडला की आठ, मग चार, मग दोन, मग एक. पाच घड्यांत बत्तीसचा एक झाला. म्हणून बत्तीसचे 'अर्धच्छेद' पाच. कोणतीही संख्या एकापर्यंत येण्यासाठी जितक्या वेळा निम्मी करावी लागते, तितके तिचे अर्धच्छेद. आचार्य वीरसेनस्वामींच्या धवला टीकेत हे अर्धच्छेद आहेत, तिनाने भाग देण्याचे त्रिकच्छेद आहेत, चाराने भाग देण्याचे चतुर्थच्छेदही आहेत. आणि तेथे एक नियम आहे: दोन राशींच्या गुणाकाराचे अर्धच्छेद म्हणजे त्या राशींच्या अर्धच्छेदांची बेरीज. बादालचे अर्धच्छेद बत्तीस, एकट्ठीचे चौसष्ट, बेरीज शहाण्णव. कागदावर इतका मोठा गुणाकार न करताच उत्तराचे हे माप हाती येते.

महाविद्यालयात आम्ही चक्रवाढ व्याजासाठी लॉगरिथमची कोष्टके वापरीत असू. तेथेही गुणाकाराची बेरीज होते. जॉन नेपियरचा त्यावरील ग्रंथ १६१४ साली प्रसिद्ध झाला. धवला टीका नवव्या शतकाच्या आरंभीची मानली जाते. हे ऐकून आपली छाती फुगते. मात्र पुढचेही सांगितले पाहिजे. नेपियरने कोणत्याही संख्येसाठी वापरता येतील अशी कोष्टके तयार केली. अर्धच्छेदांचा उपयोग मुख्यतः प्रचंड राशींचे माप आणि त्यांची तुलना यांसाठी होता. मूळ कल्पना एक, पण काम निराळे. आपल्या पूर्वाचार्यांचा मोठेपणा सांगण्यासाठी दुसऱ्याच्या खात्यातील रक्कम आपल्या खात्यात ओढण्याचे कारण नाही. जे आपले आहे तेच पुष्कळ आहे.

आता या संख्येचे काही गुण पाहू. ती केवळ दोननेच घडलेली आहे. तिला तीन, पाच, सात अशा दुसऱ्या कोणत्याही मूळ संख्येने निःशेष भाग जात नाही. तिचे एकूण भाजक सत्त्याण्णव. ती पूर्ण वर्ग आहे, पूर्ण घनही आहे; बादालचा घन केला तरी हीच संख्या येते. तिचे स्वतःखेरीज उरलेले सर्व भाजक, म्हणजे एक, दोन, चार, आठ असे अखेरपर्यंत मिळवत गेलो, तर बेरीज मूळ संख्येपेक्षा बरोबर एकाने उणी भरते. एवढ्या अफाट राशीत तफावत फक्त एकाची! एका पैशाच्या फरकासाठी ज्यांनी दिवाळीपूर्वी रात्र-रात्र वह्या चाळल्या आहेत, त्यांना यातील गंमत वेगळी सांगावयास नको.

गादीवर बसणाऱ्याला नऊचा ताळा ठाऊक असतो. या संख्येच्या सर्व अंकांची बेरीज १२७ येते. एक, दोन आणि सात मिळून दहा. एक आणि शून्य मिळून एक. दुसरीकडून पाहा. दोन सहा वेळा घेऊन गुणले की चौसष्ट, आणि चौसष्टला नऊने भाग दिला की बाकी एक. शहाण्णव म्हणजे सहाचे सोळा गट, म्हणून शेवटची बाकीही एक. ताळा जुळला. अकराचा ताळाही मी घेऊन पाहिला. उजवीकडून एकाआड एक अंकांच्या बेरजा ७९ आणि ४८, फरक ३१, अकराने भागता बाकी नऊ. दोनच्या शहाण्णवाव्या घाताची बाकीही नऊच येते. आपणही घरी कागद-पेन्सिल घेऊन हे अवश्य करून पाहावे.

असे ताळे का घ्यावे लागतात? कारण एवढी संख्या शतकानुशतके हाताने उतरवली गेली. एक अंक चुकला तर सारेच चुकले. ती अचूक टिकावी म्हणून गोम्मटसारात युक्ती योजली आहे. गाथेत अंक न देता अक्षरे दिली आहेत. क पासून झ पर्यंत एक ते नऊ. ट पासून ध पर्यंत पुन्हा एक ते नऊ. प पासून म पर्यंत एक ते पाच. य पासून ह पर्यंत एक ते आठ. आणि न म्हणजे शून्य. गाथेचे पहिले अक्षर 'त', म्हणजे सहा. एकोणतिसावे अक्षर 'स', म्हणजे सात. अंक उजवीकडून डावीकडे मांडावयाचे, म्हणून संख्येच्या आरंभी सात आणि शेवटी सहा. मी एका रात्री ती गाथा समोर ठेवून एकेक अक्षर सोडवले आणि मग बादाल व एकट्ठीचा गुणाकार हाताने केला. दोन्ही उत्तरे शेवटच्या अंकापर्यंत एक आली. त्या वेळी झालेला आनंद मी शब्दांत सांगू शकत नाही. सुमारे हजार वर्षांपूर्वी लावलेले कुलूप आपल्या हातून उघडावे, तसे वाटले.

पण बंधूंनो, संख्या अचूक उतरली एवढ्याने त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. एवढे मनुष्य मावतात कसे?

हे उत्तर शोधताना मी धवलेपाशी पोहोचलो, आणि कळले की तो ग्रंथ तर आपल्या अंगणातच छापला गेला. मूडबिद्रीच्या ताडपत्रांत शतकानुशतके जपून ठेवलेले धवलासहित षट्खंडागम १९३९ पासून प्रकाशित होऊ लागले ते आपल्या विदर्भातील अमरावतीहून. संपादक डॉ. हिरालाल जैन हे तेव्हा अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात संस्कृतचे प्राध्यापक होते; पुढे ते आपल्या नागपुरातही अध्यापनासाठी आले. कोल्हापूरचे डॉ. आ. ने. उपाध्ये यांचे त्यांना संपादनात साहाय्य होते. विदिशाचे श्रीमंत सेठ शिताबराय लक्ष्मीचंद्र यांच्या दानातून हे कार्य उभे राहिले. सोळावा आणि शेवटचा खंड १९५८ साली निघाला. १९४२ च्या चौथ्या खंडात लखनौ विद्यापीठातील गणिताचे अध्यापक डॉ. अवधेश नारायण सिंह यांचा धवलेतील गणितावर इंग्रजी निबंध आहे, आणि त्यात आपल्या या संख्येचाही विचार आहे. जो ग्रंथ येथून शे-दीडशे किलोमीटरवर छापला गेला, तो मी वयाच्या साठीपर्यंत उघडला नव्हता. हीही माझी चूकच.

तिसऱ्या खंडात द्रव्यप्रमाणाचा, म्हणजे जीवांच्या संख्येचा अधिकार आहे. षट्खंडागमाचे मूळ सूत्र पर्याप्त मनुष्यांसाठी नेमकी संख्या देत नाही, दोन मर्यादा देते. एक, ती सहाव्या वर्गाच्या वर आणि सातव्या वर्गाच्या खाली आहे. दुसरी, ती कोडाकोडाकोडीच्या वर आणि कोडाकोडाकोडाकोडीच्या खाली आहे. म्हणजे एकावर एकवीस शून्ये आणि एकावर अठ्ठावीस शून्ये यांच्या मधली. आता आपली संख्या या दोन कसोट्यांवर लावा. पहिलीत ती उत्तीर्ण होते, कारण शहाण्णव हे चौसष्ट आणि एकशे अठ्ठावीस यांच्या मध्ये आहे. दुसरीत मात्र ती अडते. एकावर अठ्ठावीस शून्ये लिहिली तरी अंक एकोणतीसच होतात. पण आपल्या संख्येचा आरंभ सातने आहे. म्हणजे अंक तेवढेच, मूल्य मात्र जवळजवळ आठपट. एक लाखाची हुंडी आणि आठ लाखांची हुंडी, दोन्हींत अंक सहाच. म्हणून कोणी व्यापारी त्या सारख्या मानील काय?

आणि वीरसेनस्वामी येथे काय करतात? ते मनुष्यक्षेत्राचे, म्हणजे अडीच द्वीपांचे, क्षेत्रफळ काढतात, आणि एवढे मनुष्य त्यात मावू शकत नाहीत असे दाखवून ती मोठी संख्या स्वीकारत नाहीत.

हे कळले तेव्हा मी पुस्तक मिटून काही वेळ तसाच बसून राहिलो. पाठशाळेतील मुलाचा प्रश्न हाच होता. ज्या प्रश्नाला मी 'शंका' म्हणून गप्प बसवले, तो बाराशे वर्षांपूर्वी एका महान आचार्यांनी स्वतः उपस्थित केला होता आणि हिशेब करून त्याचा निर्णयही दिला होता.

मग मीही आपल्या साध्या मापांनी ताळा घेण्याचे ठरवले. मनुष्यक्षेत्राचा व्यास ४५ लाख योजने, परिघ १,४२,३०,२४९ योजने. परिघाला व्यासाच्या चौथ्या भागाने गुणले की क्षेत्रफळ सुमारे १६ लाख कोटी चौरस योजने येते. योजन म्हणजे चार कोस, कोस म्हणजे दोन हजार धनुष्ये, धनुष्य म्हणजे चार हात. म्हणून योजनाचे ३२ हजार हात. भागाकार केला तर एका चौरस हातात ४८ लाख माणसे आली! मी तो कागद आमच्या स्वाध्यायातील पंडितजींना मोठ्या उत्साहाने दाखवला. ते हसून म्हणाले, "हिशेब बरोबर, गज चुकला." द्वीप-समुद्रांचे माप प्रमाणांगुलाने करावयाचे असते, आणि ते साध्या उत्सेधांगुलाच्या पाचशे पट असते. कापडाच्या धंद्यात चाळीसहून अधिक वर्षे काढलेल्या माणसाने गजच चुकीचा घ्यावा!

पुन्हा मांडणी केली. मोठे योजन म्हणजे १ कोटी ६० लाख हात. त्याप्रमाणे मनुष्यक्षेत्राचे क्षेत्रफळ सुमारे ४१ वर २६ शून्ये इतके चौरस हात होते. आपली संख्या स्थूलमानाने ७९२ वर २६ शून्ये. शून्ये दोन्हीकडची गेली. ७९२ ला ४१ ने भागा. उत्तर एकोणीस. एका चौरस हातात एकोणीस माणसे! त्यातून लवण आणि कालोद हे समुद्र, पर्वत आणि नद्या वजा केलेल्याच नाहीत. मोठ्यात मोठा गज घेऊनही आचार्यांचा आक्षेप कायम राहतो.

मग प्रश्न उरतो की, वीरसेनस्वामींच्या नंतर झालेल्या नेमिचंद्राचार्यांनी ती संख्या का दिली? परंपरेत ती पूर्वापार चालत आली होती, आणि आपल्या परंपरेने दोन्ही मते नोंदवून ठेवली, एकही खोडले नाही. कोणत्या आचार्यांचा अधिकार मोठा हे ठरवणारा मी कोण? मात्र अनेकांताचा अर्थ दोन निरनिराळ्या बेरजा एकाच वेळी बरोबर असा नव्हे. कोणत्या अपेक्षेने, कोणत्या मापाने, कोणत्या क्षेत्रात हे स्पष्ट विचारणे म्हणजे अनेकांत. आणि त्यासाठी विचारावे तर लागतेच.

आजच्या मुलांना ही परंपरा परकी वाटू नये म्हणून आणखी एक गोष्ट सांगतो. संगणकाच्या जाळ्यात प्रत्येक यंत्राला एक पत्ता असतो. जुन्या पद्धतीत असे जास्तीत जास्त पत्ते किती होऊ शकत? बरोबर बादाल इतके, म्हणजे पाचवा वर्ग. ते अपुरे पडू लागले म्हणून नव्या पद्धतीत सातव्या वर्गाइतके ठेवले. जगाची लोकसंख्या नोव्हेंबर २०२२ मध्ये ८०० कोटी झाली. तीही बादालच्या पुढे गेली आहे, पण बादालची दुप्पट अजून झालेली नाही. यावरून आगमांत संगणक होता असे कृपया कोणी म्हणू नये. दुप्पट आणि वर्ग यांचा मार्ग जो कोणी धरील, त्याला वाटेत हीच गावे लागतात, एवढेच.

आणि आता संख्येमागचा धर्म. एवढी प्रचंड संख्या शास्त्राने कशासाठी सांगितली? मनुष्य पुष्कळ आहेत हे दाखवण्यासाठी नव्हे, उलट ते किती थोडे आहेत हे दाखवण्यासाठी. चार गतींत सर्वांत कमी जीव मनुष्यगतीत. नारकी असंख्यात, देव असंख्यात, तिर्यंच अनंत. आणि पर्याप्त मनुष्य मात्र संख्यात. अंक एकोणतीस असोत वा त्याहून कमी, ते लिहून संपतात. अनंताच्या रकान्यासमोर ही रक्कम नगण्य आहे. त्या नगण्य रकमेत आपला एक अंक पडला आहे, यालाच मनुष्यजन्माची दुर्लभता म्हणतात. तो आपण कशात खर्च करतो, हा खरा ताळेबंद.

तत्त्वार्थसूत्रात स्वाध्यायाचे पाच प्रकार सांगितले आहेत: वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय आणि धर्मोपदेश. दुसराच प्रकार पृच्छना, म्हणजे विचारणे. धवला टीका तर पानोपानी शंका आणि समाधान अशाच रीतीने चालते. निःशंकित अंग म्हणजे श्रद्धेचे अढळपण; प्रश्न न विचारणे म्हणजे निःशंकित अंग नव्हे. त्या दिवशी वर्गात स्वाध्याय करणारा तो मुलगा होता, आणि स्वाध्यायात अंतराय करणारा मी.

आपल्या ट्रस्टने पन्नास वर्षांत मंदिर, धर्मशाळा आणि पाठशाळा सांभाळली. पुढील वाटचालीसाठी माझी एक नम्र सूचना आहे. पाठशाळेत एक प्रश्नवही ठेवावी. मुलांनी त्यात प्रश्न लिहावेत. उत्तर ठाऊक असेल तर शिक्षकांनी लिहावे. नसेल तर "शोधून सांगतो" असे लिहून खाली सही करावी. आणि धवलेचा संच आपल्या ग्रंथालयात कपाटाच्या वरच्या फळीवर नव्हे, हाताशी ठेवावा.

तो मुलगा आता पुण्यात अभियांत्रिकी शिकतो. गेल्या पर्युषणात मी त्याला हा सारा हिशेब पत्राने पाठवला आणि क्षमा मागितली. आठ दिवसांनी उत्तर आले. त्याने माझे सर्व आकडे तपासले होते. खाली एकच ओळ होती: "काकाजी, एकावर अठ्ठावीस शून्ये एवढीच संख्या घेतली तरी एका चौरस हातात दोनहून अधिक माणसे होतात, त्याचे काय?"

या वेळी मी त्याला खाली बसवले नाही. सूत्राने ती वरची मर्यादा सांगितली आहे, संख्या त्याहून कमीच आहे, एवढे लिहिले. आणि किती कमी ते तू आणि मी मिळून धवलेत पाहू, असे कळवले. दिवाळीच्या सुट्टीत तो येणार आहे.

माझ्या बोलण्यात आगमाविरुद्ध काही आले असल्यास, अथवा हिशेबात कोठे चूक राहिली असल्यास, जाणकारांनी ती अवश्य दाखवून द्यावी. मिच्छामि दुक्कडम्. जय जिनेंद्र.